धक्का इथे, निर्णय दुसरीकडे

जेम्स बर्ड या ब्रिटिश भूगोल अभ्यासकाने १९६३ साली ब्रिटनमधल्या मोठ्या बंदरांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एक काल्पनिक बंदर उभं केलं. नाव ठेवलं ‘एनीपोर्ट’, म्हणजे कुठलंही बंदर. त्याची कहाणी अशी : खाडीत जिथे उतरायला सोयीचा काठ सापडतो तिथे पहिला छोटा धक्का होतो, त्याच्या पाठीशी गाव वाढतं. मग काठाकाठाने धक्के लांबत जातात. जागा संपली की जमीन खोदून बंदिस्त गोद्या होतात. जहाजं मोठी झाली की गोद्यांची दारं अपुरी पडतात आणि बंदर खाडीच्या मुखाकडे, खोल पाण्याकडे सरकतं. शेवटी तेल, कोळसा, धान्य अशा प्रत्येक मालाला वेगळा, लांबलचक धक्का मिळतो आणि ज्या गावामुळे हे सगळं सुरू झालं ते मागे राहतं. बर्डच्या डोळ्यांसमोर लंडन होतं. तिथल्या वेस्ट इंडिया गोद्या १८०२ मध्ये सुरू झाल्या, १८८६ मध्ये थेम्सच्या मुखाकडे टिलबरीची गोदी झाली आणि १९८१ पर्यंत शहरातल्या जुन्या गोद्यांचं काम थांबलं. कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे आज त्याच गोद्यांच्या जागेवर उभे आहेत.

हा साचा सगळ्यांना बसेल असा बर्डचा दावा नव्हता. कुठलं बंदर कुठे वेगळं वागलं हे मोजायला एक पट्टी असावी, एवढाच त्याचा हेतू. मुंबईला ही पट्टी लावून पाहिली तर ती आश्चर्य वाटावं इतकी जुळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा पूर्व किनारा म्हणजे सुटी सुटी बंदरं आणि धक्के होते, त्यांतले काही खासगी पैशातून बांधलेले. भाऊ अजिंक्यांचं नाव भाऊच्या धक्क्याला लागलं ते त्याच काळात. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस ही खासगी कंपनी काठावर भराव घालून जागा तयार करत होती. तिच्या हातात किनारा फार जातोय असं दिसल्यावर सरकारने १८७० मध्ये तिची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. पुढे १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. या शेवटच्या गोदीसाठी खोदलेल्या माती-मुरुमावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे, हे तिथल्या सावलीतून चालणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

इंदिरा गोदीच्या प्रवेशद्वाराची रुंदी सुमारे साडेतीस मीटर. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जाऊ शकतील अशी जहाजं बांधायची म्हणून जगभर जी रुंदी रूढ झाली ती सव्वाबत्तीस मीटरच्या आसपास. दोन मीटरचा फरक, पण त्याने गोदीचं भवितव्य ठरवलं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या ठेवून त्या न्यू जर्सीहून टेक्ससला धाडल्या, तेव्हा मुंबईच्या गोदी कामगारांना त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. तीन दशकांत पेट्यांना लागणाऱ्या मोकळ्या यार्डाची आणि खोल पाण्याची गरज बंदराला खाडी ओलांडून न्हावा-शेव्याला घेऊन गेली. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. मुंबई बंदर बंद पडलं नाही, तेल आणि मोटारगाड्या तिथे अजून हाताळल्या जातात. पण कंटेनर गेला तो गेलाच.

बर्डचा साचा इथे थांबतो. पुढचं पान २००५ मध्ये थिओ नोटेबूम आणि जाँ-पॉल रॉड्रिग या दोन अभ्यासकांनी जोडलं. त्यांचं म्हणणं असं की बंदर आता धक्क्यावर संपतच नाही, ते रस्ते, रेल्वे आणि आतल्या डेपोंच्या रूपाने प्रदेशभर पसरतं. हे समजायला उरण-पनवेलच्या रस्त्याने एकदा जावं. ट्रेलरची न संपणारी रांग आणि दोन्ही बाजूंना सीएफएस, म्हणजे कस्टमची तपासणी, पेट्या भरणं-रिकामं करणं, साठवणं यांसाठीची आवारं. दिल्लीत तुघलकाबादला रेल्वेने पोहोचणाऱ्या पेटीचं ‘बंदर’ तुघलकाबादच असतं. जालना आणि वर्ध्यातली सिंदी इथे कोरडी बंदरं आखली गेली ती याच विचाराने. माल थेट धक्क्यावरून कारखान्याकडे सोडण्याची पद्धत न्हावा-शेव्यात पुढे रेटली गेली तेव्हा सीएफएसवाले अस्वस्थ झाले, कारण बंदराचा विस्तार म्हणजे त्यांचीच तर आवारं होती.

ही झाली जमिनीची बाजू. समुद्राच्या बाजूने पाहणारे अभ्यासक वेगळे आहेत आणि त्यांची साधनंही वेगळी. जहाजांची ये-जा छापणारं ‘लॉइड्स लिस्ट’ १७३४ पासून लंडनहून निघू लागलं. फ्रेंच भूगोलज्ञ सेझार द्युक्रुए यांनी त्याचे जुने अंक संगणकात भरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं जागतिक जलमार्गांचं जाळं पुन्हा मांडलं. दुसरीकडे या शतकाच्या सुरुवातीपासून मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं झालं. ते जहाजाची ओळख, जागा आणि वेग सतत प्रक्षेपित करतं. मुळात टक्कर टाळण्यासाठी आणलेलं हे साधन संशोधकांच्या हाती खजिन्यासारखं लागलं. जर्मनीतल्या पाब्लो कालुझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ या एका वर्षातल्या १६,३६३ मालवाहू जहाजांच्या फेऱ्या जोडून २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की समुद्रावर एक जाळं नाही, निदान तीन आहेत. कंटेनर जहाज एसटीसारखं ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, ठरलेल्या वारी धावतं. कोळसा-धान्य वाहणारं जहाज भाड्याच्या टेम्पोसारखं, माल मिळेल तिथे जातं. तेलवाहू टँकर या दोघांच्या मधला.

या निबंधाचा एक उपयोग व्यापाराशी संबंध नसलेला निघाला. रिकामं जहाज तोल राखण्यासाठी समुद्राचं पाणी पोटात भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं. त्या पाण्यातून शिंपले, शेवाळ, जंतू हजारो मैल प्रवास करतात. कुठल्या बंदरातून कुठे असे परके जीव पोहोचण्याचा धोका अधिक, हे जहाजांच्या जाळ्यावरूनच कळू शकतं. असं पाणी सोडण्यावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, पण लागू व्हायला २०१७ उजाडलं. तेरा वर्षं शिंपले काही थांबले नसतील.

जाळ्याच्या अभ्यासाने एक समजूत मात्र चांगलीच हलवली : ज्याच्या मागे मोठा मुलूख ते बंदर मोठं, ही. कोलंबोच्या मागे मुंबईसारखा मुलूख नाही. पण सुएझकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी मोठी जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून जातात. त्यांना कोलंबोत थांबायला फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. न्हावा-शेव्याला यायचं म्हणजे शेकडो मैल वर चढायचं आणि तेवढंच परत उतरायचं. मग मोठं जहाज कोलंबोला पेट्या उतरवतं आणि लहान फीडर जहाजं त्या भारतीय बंदरांकडे आणतात. भारताचा जो माल असा वाटेत जहाज बदलतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांत जहाज बदलत आला आहे. हे आपल्याकडे राष्ट्रीय अपमानाच्या सुरात सांगितलं जातं. मला त्यात अपमान दिसत नाही, भूगोल दिसतो. शिवाय बराच काळ आपलाच एक नियम आड येत होता : भारतीय बंदरांदरम्यान परदेशी जहाजांनी माल वाहायचा नाही. आयात-निर्यातीच्या पेट्यांपुरती ही अट देशभर शिथिल झाली ती २०१८ मध्ये. कोचीजवळ वल्लारपाडमचं टर्मिनल त्याआधी सात वर्षं उभं होतं. केरळातल्याच विळिंजम इथे मोठ्या मार्गाला लागूनच, नैसर्गिक खोल पाण्यात नवं बंदर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. पण ते चालेल की पडेल, हे ठरणार शिपिंग कंपन्यांच्या वेळापत्रकात.

सिंगापूरला हे २००० साली समजलं. मर्स्क या डॅनिश कंपनीने आपला सगळा जहाज-बदलीचा व्यवसाय उचलला आणि पलीकडे मलेशियात तांजुंग पेलेपास इथे नेला. दोन वर्षांनी तैवानची एव्हरग्रीन तिकडेच गेली. सिंगापूरच्या कारभारात खोट काढणं अवघड, क्रेन जगातल्या उत्तम, कामगार तरबेज. तरीही एका ग्राहकाच्या निर्णयाने बंदराच्या उलाढालीचा मोठा लचका गेला. मागे स्वतःचा मुलूख नसलेलं बंदर किती अधांतरी असतं, हे शिकवताना प्राध्यापक आजही हेच उदाहरण घेतात. याची दुसरी बाजू आपण २०२३ च्या अखेरीस पाहिली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर होता. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर काहीच बिघडलं नव्हतं, तरी पेटीचं भाडं वाढलं आणि नाशवंत फळाचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला.

आता कारभाराकडे. बंदर कोणाचं आणि चालवतं कोण, हा प्रश्न गेल्या तीसेक वर्षांत स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. जागतिक बँकेने बंदर सुधारणांच्या आपल्या मार्गदर्शिकेत चार प्रकार मांडले. एका टोकाला सगळंच सरकार चालवतं, दुसऱ्या टोकाला सगळंच खासगी. मधल्यांपैकी जो प्रकार जगभर पसरला तो लँडलॉर्ड पोर्ट : जमीन आणि जलमार्ग सरकारी संस्थेकडे, क्रेन आणि कामगार खासगी कंपनीकडे, दोघांत काही दशकांचा करार. मेरी ब्रुक्स आणि केविन कलिनन यांनी देशोदेशीचे अभ्यास एकत्र केले तेव्हा त्यातून सर्वांना लागू पडेल असं एकच सूत्र निघालं नाही. खासगीकरणाने काम हमखास सुधारतं असा पुरावा सरसकट मिळाला नाही, आणि बिघडतं असाही नाही. कोणता ढाचा कुठल्या परिस्थितीत बसतो यावर बरंच काही अवलंबून राहिलं. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हा निष्कर्ष फिका वाटतो, म्हणून त्याची चर्चा कमी होते.

करारात काय लिहिलंय आणि दर कोण ठरवतो, यावर बंदराचं किती काही ठरतं ते न्हावा-शेव्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथे १९९९ मध्ये चालू झालं. करार तीस वर्षांचा, आणि सरकारला प्रत्येक पेटीमागे द्यायची रॉयल्टी वर्षागणिक वाढत जाणारी. मात्र ग्राहकांकडून किती घ्यायचं हे टर्मिनलच्या हातात नव्हतं. ते ठरवायला १९९७ मध्ये टॅम्प नावाचं दर प्राधिकरण नेमलं होतं आणि त्याची पद्धत खर्च अधिक ठरावीक परतावा अशी. म्हणजे टर्मिनलने चपळाईने जास्त पेट्या हाताळल्या की पेटीमागचा खर्च उतरे, आणि खर्च उतरला की पुढच्या फेरीत दर उतरवले जात. इकडे रॉयल्टी चढत राहायची. ती रॉयल्टी खर्चात धरायची की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. चांगलं काम करणाऱ्याला दंड आणि सुस्त माणसाला बक्षीस, अशी ही रचना कोणी मुद्दाम केली नव्हती. दोन वेगवेगळ्या टेबलांवर दोन वेगवेगळे कागद तयार झाले आणि ते एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढच्या टर्मिनलांसाठी सरकारने रॉयल्टी सोडून उत्पन्नातल्या वाट्यावर बोली मागवल्या. तिसऱ्या टर्मिनलमागे बंदराला साडेपस्तीस टक्के मिळाले. चौथ्यासाठी २०११ मध्ये सिंगापूरच्या पीएसए या बंदर कंपनीच्या गटाने पन्नास टक्क्यांहून अधिक वाटा देऊ केला आणि सगळे खूश झाले. मग मुद्रांक शुल्क कोणी भरायचं यावरून बिनसलं, करार झालाच नाही. फेरनिविदा निघाली तेव्हा २०१४ मध्ये पीएसएच पुन्हा आली आणि ३६ टक्क्यांच्या आत काम घेऊन गेली. पहिला टप्पा उघडला २०१८ मध्ये. मधल्या सात वर्षांत माल थांबून राहिला नाही, तो गुजरातकडे वळत होता.

गुजरातकडे का, याचं उत्तर अर्धं राज्यघटनेत आहे. केंद्राने ‘महाबंदर’ म्हणून जाहीर केलेली बंदरं केंद्र सूचीत, बाकीची समवर्ती सूचीत आणि व्यवहारात राज्यांच्या हाती. टॅम्पचा अंमल फक्त पहिल्या गटावर होता. कच्छमधलं मुंद्रा दुसऱ्या गटात, गुजरात मेरिटाइम बोर्डाच्या छत्राखाली, दर ठरवायला मोकळं. २०२४-२५ मध्ये त्याने २० कोटी टन माल हाताळला. त्या वर्षी देशातल्या कुठल्याही महाबंदराचा आकडा तिथवर पोहोचला नाही, पहिल्या क्रमांकाचं पारादीप १५ कोटी टनांवर होतं. तरीही सरकारी तक्त्यात मुंद्रा ‘लहान बंदरां’त मोजलं जातं. टॅम्पचं राज्य शेवटी २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने संपलं आणि दर ठरवण्याचा अधिकार बंदरांच्या बोर्डांकडे आला. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टची जवाहरलाल नेहरू पोर्ट ऑथॉरिटी, म्हणजे जेएनपीए झाली, २०२२ मध्ये तिने स्वतःचं राहिलेलं टर्मिनलही खासगी भागीदारांना सोपवलं आणि ती निव्वळ जागामालक उरली. २०२४-२५ मध्ये तिथून सुमारे ७३ लाख पेट्या गेल्या-आल्या, वीस फुटी पेटीच्या मापाने.

बंदर-संशोधनात जो विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उशिरा आला : फायदा कुठे जातो आणि भार कुठे राहतो. ओईसीडी या संघटनेने जगातल्या अनेक बंदर-शहरांचा अभ्यास करून २०१४ च्या सुमारास जे मांडलं त्याचा गाभा असा की बंदरामुळे इतर उद्योगांना होणाऱ्या लाभाचा फार मोठा भाग बंदराच्या प्रदेशाबाहेर निघून जातो. धूर, ट्रेलरची कोंडी, अडलेला किनारा हे मात्र तिथेच राहतं. न्हावा-शेव्यातून उतरलेलं यंत्र लुधियान्याला जातं. शेवा कोळीवाडा जिथे होता तिथून उठून उरणजवळ आला, नव्या घरांना वाळवी लागली, आणि दोनशेहून अधिक कुटुंबांचं पुनर्वसन बंदर सुरू होऊन तीन दशकं उलटली तरी वादातच होतं. याच पट्ट्यात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात पाच जणांनी गोळीबारात जीव गमावले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून आली. नोटेबूम-रॉड्रिगच्या आकृतीत जो ‘पृष्ठप्रदेश’ बाणांनी दाखवलेला असतो, त्यातला पहिला बाण अशा गावांवरून जातो.

लाभ-भाराचं हे गणित मालकीने थोडं बदलतं. रॉटरडॅमचं बंदर प्राधिकरण २००४ पासून कंपनी आहे, पण तिचे सुमारे सत्तर टक्के समभाग रॉटरडॅम महापालिकेचे आणि उरलेले डच सरकारचे. नफ्याचा लाभांश शहराच्या तिजोरीत येतो आणि बंदर वाढवताना शहराला विचारावंच लागतं. अँटवर्पचं, हॅम्बुर्गचंही मूळ असंच नगराच्या सत्तेत आहे. मुंबईत शहराच्या पूर्व किनाऱ्याची जी विस्तीर्ण जमीन बंदराकडे आहे तिचा मालक केंद्र सरकारच्या अखत्यारीत, त्यामुळे तिथे बाग व्हावी की टॉवर यावर मुंबईकर बोलू शकतात, ठरवू शकत नाहीत.

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या वाढवणला जे बंदर होऊ घातलं आहे ते या सगळ्यावर ठेवून पाहावं. नैसर्गिक खोली सुमारे वीस मीटर, म्हणजे आजच्या चोवीस हजार पेट्यांच्या जहाजांना पुरेशी. जाळ्याच्या अभ्यासकाला ती जागा मोहात पाडेल यात शंका नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बंधारा. पण हीच जागा १९९८ मध्ये नाकारली गेली होती. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या या प्राधिकरणाने डहाणूच्या नाजूक परिसरात बंदर बसत नाही असा निर्णय दिला. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध दोन्ही वेळी सारखाच होता.

वाढवणची कंपनी ७४ टक्के जेएनपीएची आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची आहे. जेएनपीए ज्या कायद्याखाली चालते त्या २०२१ च्या कायद्यात बोर्डावर कोण बसणार हे लिहिलेलं आहे : अध्यक्ष-उपाध्यक्षांशिवाय राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि कस्टम यांचा प्रत्येकी एक माणूस, केंद्राचा एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य, आणि बंदराच्या कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी. ज्या पाण्यात भराव पडतो त्या पाण्यात जाळं टाकणाऱ्यांसाठी, किंवा ज्या गावांच्या रस्त्यांवरून ट्रेलर जाणार त्यांच्या ग्रामपंचायतींसाठी, या यादीत खुर्ची नाही.